फोनवर 'बोर्ड' म्हणायचं ठरलं होतं

मदरबोर्ड हातात आला की आमचा कॉम्प्युटरवाला तो आधी नाकाशी न्यायचा. पंगतीला बसलेले एखादे आजोबा वरणभातावर तूप पडल्यावर आधी वास घेतात ना, तसा. डोळे मिटून एक लांब श्वास. मग बोर्ड ट्यूबलाइटसमोर आडवा धरायचा, एका डोळ्याने त्याच्या कडेकडेने बघायचं आणि म्हणायचं, "मदर चांगली बघून घ्या, दादा. बाकीचं मागाहून लावता येतं."

मदर म्हणजे मदरबोर्ड, कॉम्प्युटरमधली मुख्य पाटी. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे सगळेच तसं म्हणतात. तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल, त्याच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहून बघा. 'मदर लवकर तापते', 'मदरमध्ये पाणी गेलंय', 'ही मदर आता कोणाचं ऐकत नाही', असली वाक्यं ऐकून नवख्या माणसाला वाटावं, इथे सुनांची बैठक भरलीय.

आमच्या लालबाग-परळात आईवडिलांनाही घराबाहेर मदर-फादर म्हणायची पद्धत आहे, आणि माणूस गेला की तो 'ऑफ झाला' म्हणतात. 'फादर मागच्या गणपतीत ऑफ झाले,' असं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण एक चांगला माणूस मी या दोन शब्दांपायी गमावला, असं मी लोकांना सांगत असतो. शब्दांवर ढकललं की बरं वाटतं. गमावला मी.

त्याचं दुकान लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली होतं. शेजारी मसाला कांडून देणारा. दिवसभर मिरची उडायची आणि गिऱ्हाईक शिंकून बेजार. एवढ्या खकाण्यातही त्याला जळलेल्या बोर्डाचा वास बरोबर यायचा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्याला ताईत असावा तसा एक पेनड्राइव्ह. वय पंचेचाळीसच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत तो आणि त्याची आई, एवढाच संसार.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो काळ्या मार्करने तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवायचा. 'पंखा साफ केला.' 'रॅम बदलली.' एकदा आमच्या झाकणात 'झुरळ काढले (२)' असंही लिहिलेलं सापडलं होतं. बायको आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती, जणू मीच ती आत सोडली होती. मी त्याला विचारलं, हे लिहायची गरज काय? तर म्हणाला, "केसपेपर आहे, दादा. डॉक्टर बदलला तरी पुढच्याला कळायला नको?"

आता पहिला किस्सा. हा विनोदी आहे, त्यामुळे बिनधास्त हसा.

तेव्हा आम्ही नुकतेच लालबागहून दादरला राहायला गेलो होतो. घरचा जुना कॉम्प्युटर त्याच्याकडे दुरुस्तीला होता. मी कचेरीत असताना त्याचा घरी फोन आला. बायकोने उचलला. तो म्हणाला, "वहिनी, दादांना सांगा, मदर ऑफ झाली. संध्याकाळी येऊन जा म्हणावं, पुढचं काय ते ठरवू."

बायकोने लगेच मला फोन केला, त्याची आई गेली म्हणून. मी अर्धी रजा टाकली. ती पांढरी साडी नेसली. वाटेत मी मोगऱ्याचा हार घेतला. जिना चढताना दोघांनी चेहरे सुतकी केले, आणि दार उघडलं त्याच्या आईने. हाताला बांगड्याचे खवले, पदर खोचलेला. मी हार पाठीमागे लपवला, पण मोगऱ्याचा वास कुठे लपतो?

"ह्यो हार कोणाक?" तिने विचारलं.

तेवढ्यात तो मागून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. आमचे कपडे, माझा हात, बायकोचे डोळे, सगळं बघून त्याच्या ध्यानात आलं आणि तो उंबऱ्यावरच मटकन बसला. आईला समजावून सांगायला त्याला बराच वेळ लागला. मग ती माउली खवल्यांच्या हाताने कपाळ धरून हसली. "मी खय मेलंय? आसंय अजून. येवा, बसा." हार तिने मागून घेतला आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला घातला. म्हणाली, बरं झालं, ह्येंचा जुना हार वाळूनच गेला होता.

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं आणि भात खाऊन आम्ही निघालो, तेव्हा बायकोने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुकानात काय म्हणायचं ते म्हण. पण फोनवर मदर म्हणजे माणूस आणि बोर्ड म्हणजे बोर्ड.

"ठरलं, वहिनी," तो म्हणाला.

आणि त्याने ते पाळलं. त्यानंतर सहा-सात वर्षं फोनवर त्याच्या तोंडून कधीही 'मदर' आलं नाही. 'बोर्ड तापतोय.' 'बोर्ड चेक करतो.' ठरलं म्हणजे ठरलं. लक्षात ठेवायचं काम दुसऱ्या बाजूचं होतं, म्हणजे माझं.

मग बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. बाबा एके काळी गल्लीच्या गणपतीत नाटकं बसवायचे. त्या नाटकांच्या कॅसेटी कोणीतरी जपून ठेवल्या होत्या, त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. बाबांना आता कमी ऐकू येतं. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला एक कॉम्प्युटर जोडायचा, चारी बाजूंना स्पीकर लावायचे आणि सगळ्या नातेवाइकांसमोर बाबांना त्यांचाच तरुणपणचा आवाज ऐकवायचा, असा माझा बेत होता.

हे झालं सांगण्याचं कारण. खरं कारण माझे साडू. त्यांच्याकडे घरबसल्या थेटर होतं आणि ते दर भेटीत त्याची माहिती द्यायचे. त्यांच्यावर मात करायची तर काहीतरी वेगळं हवं होतं. कोणीतरी सांगितलं, विंडोजऐवजी लिनक्स घाला. लिनक्स म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं, आजही नाही. साडूंकडे ते नव्हतं, तेवढं मला पुरलं.

त्याला सांगितलं तर तो खूश झाला. गळ्यातल्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्सच होतं. कुठलाही कॉम्प्युटर तो त्यावरून चालू करून बघायचा. म्हणाला, "लिनक्सला मदर बघून घ्यावी लागते, दादा. सगळ्याच मदरी त्याला ओळख देत नाहीत. एखादी चित्र दाखवते पण आवाज काढत नाही. बाबांना आवाजच पाहिजे ना? मग आवाजावरून निवडू."

दोन महिने आम्ही मदर निवडत होतो. मुलगी बघायलाही मी इतक्या ठिकाणी गेलो नव्हतो. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात तो शिरला की दुकानदार म्हणायचा, आले डॉक्टर. कारण हा खोक्यावरची चित्रं बघायचाच नाही. बोर्ड बाहेर काढून मागची बाजू पुढे करायचा, टीव्हीची वायर कुठे लागते, स्पीकरची भोकं किती, ते बोटाने मोजायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, चालू करून दाखवा.

मी मात्र एका बोर्डाच्या प्रेमात पडलो होतो. काळा कुळकुळीत, कडेने इंद्रधनुष्यासारखे दिवे पळणारा. डोक्यावर दोन पंखे. साडूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल असा. मी म्हटलं, हाच घेऊ.

"मदरला नटवून काय करायचंय, दादा? ती आतच बसणार. आणि एवढे पंखे फिरले तर बाबा पंखेच ऐकत बसतील."

तरी माझ्या हट्टासाठी त्याने पेनड्राइव्ह लावला. चित्र झकास आलं. मग त्याने आवाजाची चाचणी सुरू केली आणि बोर्ड गप्प. त्याने दोन-तीन खटपटी केल्या. शांतता. मी म्हटलं, नंतर बोलेल की. तो म्हणाला, "जी दुकानात बोलत नाही, ती घरी येऊन काय बोलणार?"

मग त्याने एक साधा हिरवा बोर्ड मागितला. तळहाताच्या दीडपट. दिवे नाहीत, पंखा नाही, डोक्यावर नुसता ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा ठोकळा. रेशनच्या दुकानातून आणल्यासारखा दिसत होता. पेनड्राइव्ह लावला, चाचणी सुरू केली, आणि भर दुकानात त्याची आई बोलली. डावीकडच्या स्पीकरमधून, "फुडलो डावो." उजवीकडच्यातून, "फुडलो उजवो."

दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. चाचणीसाठी त्याने आईचाच आवाज भरून ठेवला होता. सहाही स्पीकरांची नावं तिने एका दमात सांगितली होती, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी. मी विचारलं, ही काय भानगड? म्हणाला, इंग्रजी बाई बोलते ती सगळ्या खोलीत सारखीच वाटते, आईचा आवाज कुठून येतो ते मला पाठ आहे.

हिरवा बोर्ड घेतला. मी नाक मुरडूनच. तो म्हणाला, आठ-दहा दिवस घरी चालू ठेवून बघतो, मग आणतो. त्याची तशी रीत होती. नवी मदर आधी त्याच्या खोलीत, आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर चालायची. आई त्यावर भजनं ऐकायची, आणि तिने नावं ठेवली नाहीत तर तो गिऱ्हाइकाला द्यायचा.

सोमवारी दुपारी मी कचेरीत होतो. माझी कचेरी विम्याची, आणि माझ्या टेबलावर येतात ते मृत्यूचे दावे. रोज वीस-पंचवीस माणसं गेल्याचे कागद मी तपासतो, नावात काना-मात्रा चुकली असेल तर परत पाठवतो. मेलेल्या माणसांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. तर अशा एका गठ्ठ्यावर हात ठेवून मी फोन घेतला.

तो म्हणाला, "दादा, मदर ऑफ झाली."

समारंभ पुढच्या रविवारी, म्हणजे तेरा दिवसांवर. माझ्या डोळ्यांसमोर साडू उभे राहिले.

"मी सांगत होतो ना तुला?" मी म्हणालो. "साधी मदर अशीच जाते. वॉरंटीत आहे ना? मग बदलून टाक आणि पुढच्या रविवारच्या आत आणून दे."

पलीकडे मागे बायकांचे आवाज येत होते. मला वाटलं, मसाला कांडायला गर्दी झालीय.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो, दादा."

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, त्याचा तो बोर्ड उडाला. 'बोर्ड' म्हणालो. त्याचा शब्द जसाच्या तसा सांगितला असता तर ती ताडकन उठली असती. पण मला तिच्यासमोर बरोबर शब्द आठवला.

नंतर त्याचा फोन लागेना. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मग दिवसाआड मी रिंग देत होतो आणि दर वेळी माझा पारा चढत होता. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं, आणि या गोष्टीचं मला नवल नाही वाटलं, राग आला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी त्याला निरोप लिहिला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसता येतो, हे मला माहीत आहे.

'आज बारावा दिवस आहे. एक मदर बदलायला इतके दिवस लागतात?'

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'उद्या संध्याकाळी आणतो.'

शनिवारी चार वाजता तो आला. डोक्यावर टोपी. मी म्हटलं, ही काय नवीन फॅशन? तो हसल्यासारखं करून कामाला लागला. टीव्हीमागे वाकून वायरी लावल्या, सहा स्पीकर जागच्या जागी ठेवले. बाबा खुर्चीत बसून कौतुकाने बघत होते. बायको आत चहा टाकत होती. मग त्याने चाचणी सुरू केली आणि आमच्याकडे पाठ करून टीव्हीकडे तोंड करून उभा राहिला.

"फुडलो डावो." "फुडलो उजवो." आवाज खोलीभर फिरत माझ्या पाठीमागे आला. "मागलो डावो." "मागलो उजवो."

मागचा उजवा जरा हळू वाटला. आणि मी, त्या दिवशी जरा खुशीत आलेला मी, म्हणालो, "आईंना सांग, शेवटी दमल्या. परत एकदा भरून घे त्यांच्याकडून."

त्याने मागे वळून बघितलं नाही.

"आता आहे तेवढंच, दादा."

मला तेव्हाही कळलं नाही. बायको चहा घेऊन बाहेर आली. कप घेण्याआधी त्याने घाम पुसायला टोपी काढली आणि बायकोने ट्रे तसाच टेबलावर ठेवला. डोक्याचा गोटा केलेला होता. दहाव्याला केलेला, त्यावर नुकती काळी छटा धरत होती.

"कोण?" तिने विचारलं.

"मदर. त्या सोमवारी सकाळी. दादांना केला होता फोन." मग घाईघाईने म्हणाला, "आज तेरावं आटपलं. म्हणून उशीर झाला."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "फोनवर तो बोर्ड म्हणतो," ती म्हणाली. एवढंच.

मी म्हटलं, मला वाटलं की... तो म्हणाला, "असू दे, दादा. मला समजलं होतं तेव्हाच." बाबा खुर्चीतून विचारत होते, काय झालं, काय म्हणतो तो? एरवी त्यांना सगळं ओरडून सांगावं लागतं. ते ओरडून सांगायला कोणी तयार होईना. त्याने चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला, बाबांच्या पाया पडला आणि गेला. उद्या जेवायला ये, असं मी जिन्यापर्यंत जाऊन म्हणालो. माफ कर म्हणायचं होतं, तोंडातून जेवणाचं निघालं.

रविवारी तो आला नाही. समारंभ मात्र उत्तम झाला. बाबांनी स्वतःचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकला आणि रडले. मशिनचा कसलाही आवाज येत नव्हता. साडू दोनदा टीव्हीमागे जाऊन बघून आले. मग त्यांनी रिमोटशी खेळता खेळता कुठलंतरी बटण दाबलं आणि भरल्या हॉलमध्ये ती म्हणाली, "मागलो डावो." सगळे खो-खो हसले. साडू म्हणाले, लिनक्स मालवणी आहे की काय? आणि सगळं माहीत असलेला मी त्यांच्याबरोबर हसलो. माझी बायको तेवढी पानं वाढायला आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी लालबागला गेलो. खोलीला कुलूप. मसालेवाला म्हणाला, गावी गेलाय. परत गेलो तेव्हा जिन्याखालच्या दुकानात पापडांची पोती होती. आता तो परळच्या कुठल्याशा इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळतो, असं कळलं. तिथे गेलो नाही. काय सांगून गेलो असतो?

एकदाच दिसला, परळच्या बसस्टॉपवर. केस पूर्ण आलेले, जरा पिकलेले. गळ्यात काळा दोरा नव्हता, इस्पितळाच्या ओळखपत्राची निळी पट्टी होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने बाबांची चौकशी केली, वहिनींची केली. मशीन चालू आहे ना, म्हणाला. मी चालू आहे म्हटलं. मग मी जे बोलायला महिनोनमहिने जुळवत होतो त्यातला पहिला शब्द काढला, आणि तो माझ्या खांद्यामागे बघत म्हणाला, "आली माझी." बस आली होती. खरंच आली होती. पण ती आली नसती तरी त्याने तेच म्हटलं असतं, असं मला आजही वाटतं.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, त्या कॉम्प्युटरवर धूळ किती साचलीय. मी झाकणाचे चार स्क्रू काढले. आतून तो साधा हिरवा बोर्ड दिसला, जसा दुकानात होता तसाच. झाकण उलटं केलं, तर त्याचं अक्षर.

पहिली ओळ, बोर्ड आणला त्या दिवसाची. 'नवीन मदर. आवाज पास.' दुसरी, दोन दिवसांनंतरची. 'आईने भजन ऐकलं. तक्रार नाही.' त्यानंतर त्या सोमवारची तारीख. ती तारीख मी कुठल्याही दाखल्यावर बघितली असती तर काना-मात्रेसकट तपासली असती. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'दादांचा फोनवर निरोप. मदर बदलणे.'

आणि शेवटची ओळ तेराव्याच्या दिवसाची, आमच्याकडे यायच्या आधी लिहिलेली.

'मदर बदलली नाही.'

तिच्याखाली चार बोटं जागा मोकळी होती. मी ड्रॉवरमधून मार्कर आणला, टोपण काढलं आणि परत बसवलं. मग धूळ पुसली आणि झाकण लावून टाकलं.